दायक, दापक आणि प्रतिग्राहक : क्रॉफर्ड चौकशीतील एका अभयवचनाचा विचार

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितल्यानंतर लगेच चौकशीची रीत येते. ज्या अधिकाऱ्यावर संशय असेल त्याच्याशी त्या व्यवहारात जोडल्या गेलेल्या प्रत्येक इसमास एकेकटा गाठून प्रश्न करावेत, असे तेथे सांगितले आहे. द्रव्य सांभाळणारा निधायक, नोंद करणारा निबंधक, घेणारा प्रतिग्राहक, देणारा दायक आणि देवविणारा दापक अशी ती माळ आहे. यांपैकी जो खोटे बोलेल त्यास मूळ अपराध्याइतकाच दंड. त्यानंतर, या अधिकाऱ्याकडून ज्यांचे नुकसान झाले असेल त्यांनी पुढे येऊन सांगावे, अशी दवंडी त्याच्या अधिकारक्षेत्रात पिटवावयाची आणि जो सांगेल त्यास त्याचे नुकसान भरून द्यावयाचे. अपहाराची बातमी देणाऱ्या सूचकास आरोप शाबीत झाल्यास सहावा हिस्सा, आणि तो पगारी नोकर असल्यास बारावा हिस्सा मिळे. शाबीत न झाल्यास मात्र त्यालाच शिक्षा होई.

या मजकुरातील पदे मुळात खजिन्याच्या व्यवहारातील आहेत, लाचेच्या व्यवहारातील नव्हेत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही खात्यांतर्गत गैरवर्तणुकीची चौकशी करणाऱ्याचे काम काय असते, याचे इतके नेमके वर्णन विरळा. मात्र त्यात एक जागा रिकामी राहिलेली दिसते. दायक आणि सूचक हे तेथे निरनिराळे इसम धरले आहेत. दायक हाच सूचक असेल, म्हणजे ज्याने स्वतः पैसे दिले त्याच्याच तोंडून पैसे घेणाऱ्याचा अपराध उघडकीस यावयाचा असेल, तर त्या माणसाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न तेथे उपस्थित झालेला नाही. महाराष्ट्रात तो प्रश्न १८८८ साली पुण्यात उभा राहिला आणि त्याची किंमत काही मामलेदारांनी मोजली. अर्थशास्त्राची पोथी १९०५ साली हाती येऊन १९०९ साली छापली गेली; तेव्हा त्या वर्षी पुण्यात चौकशी करणाऱ्यांपुढे हा ग्रंथ असण्याचा संभव नव्हता. ते आपल्या वाटेनेच त्या रिकाम्या जागेपाशी येऊन पोहोचले.

पेशवाईतील व्यवस्थेचा येथे थोडा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण 'मामलेदार' हे पद आणि त्याविषयीच्या लोकांच्या अपेक्षा दोन्ही तेथूनच आलेल्या होत्या. मामलेदारावर देखरेख ठेवण्यासाठी दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस इत्यादी दरकदार असत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि त्यांस काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नसे. आपल्या दरकाबाहेरचे काम त्यांच्यावर लादताही येत नसे. म्हणजे चौकशी करणारा माणूस बाहेरून येऊन कचेरीत शिरत नसे. तो कचेरीतच बसलेला असे, मात्र त्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती असे. ही योजना सुज्ञपणाची होती. तिचा दोष असा की, पाहारेकरी आणि धनी एकाच ताटात जेवू लागले की पाहारा संपतो. अधिकृत जमाखर्चाबाहेर राहणाऱ्या प्राप्तीस 'अंतस्थ' हे नाव पडले होते. अंतस्थ म्हणजे आत असलेले. गैरव्यवहार आणि गुप्तता यांस एकच शब्द पुरला, आणि त्या शब्दात निंदेचा सूर फारसा राहिला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलतींचेच मक्ते होऊ लागल्यावर तर पद मिळविण्यासाठी पैसा देणे हा अपराध न राहता रिवाज झाला.

इंग्रजी अमलाने हा रिवाज अपराध ठरविला. १८६० च्या दंडसंहितेत सरकारी नोकराने लाच घेणे हा गुन्हा झाला आणि देणारा प्रेरक म्हणून त्याच गुन्ह्यात सापडू लागला. त्याहून जुना एक कायदा होता. पार्लमेंटने १८०९ साली केलेल्या त्या कायद्यान्वये पदांची खरेदीविक्री हा गुन्हा होता आणि ज्याने पद विकत घेतले तो ते पद धारण करण्यास अपात्र ठरे. हा कायदा कंपनीच्या हिंदुस्थानातील पदांनाही लागू होता. पुण्यातील कचेऱ्यांत त्याची आठवण किती जणांस होती हे सांगता येत नाही; पण सगळा पेच पुढे त्याच्याच पोटातून निघाला.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. १८६५ पासून १८७१ पर्यंत त्याने त्या शहराची सफाई, रस्ते आणि बाजार यांवर धडाडीने काम केले आणि तितक्याच धडाडीने पैसा उधळला. त्याच्या नावाची मंडई मुंबईत उभी राहिली. (त्या मंडईस पुढे महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले, मामलेदार-कारकुनांच्या कचेरीत रयतेस काय भोगावे लागते हे १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये लिहिणारे तेच फुले.) खासगी आयुष्यातही क्रॉफर्डचा हात सैल होता आणि तो कर्जात बुडालेला होता. १८८८ साली तो मध्यभागाचा रेव्हिन्यू कमिशनर म्हणून पुण्यास होता. या भागातील मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांवर कमिशनरची सत्ता चाले. सोयीचा तालुका मिळणे, गैरसोयीचा टळणे, वरच्या वर्गात जाणे, हे सर्व त्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्यावर अवलंबून असे. या कामी हणमंतराव राघवेंद्र नावाचा एक इसम मध्यस्थी करतो आणि पैसे घेतो, असा बोभाटा होता.

गव्हर्नर लॉर्ड रे याच्या सरकारने चौकशीची कामगिरी ऑमनी या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे सोपविली. या कामगिरीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ज्याची चौकशी करावयाची तो मुंबई इलाख्यातील सर्वांत वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक होता. ज्यांच्याकडून माहिती मिळवावयाची ते सारे त्याच्या हाताखालचे होते आणि त्यांच्या पुढच्या बदलीचा हुकूम अजून त्याच्याच सहीने निघावयाचा होता. कचेरीच्या दफ्तरात काही सापडण्यासारखे नव्हते. बदलीच्या हुकुमावर कारण लिहिलेले असते ते 'सरकारी कामाच्या सोयीसाठी'. खरे कारण दफ्तराबाहेर राहते. चोरीच्या तपासात वस्तू हरवलेली असते आणि फिर्यादी ओरडत असतो. लाचेच्या तपासात काहीच हरवलेले नसते, आणि फिर्यादी म्हणावा तर तो स्वतःच अर्धा आरोपी. व्यवहारातील दोघांचेही हित गप्प राहण्यात असते. ही गप्प मोडावयाची तर दोघांपैकी एकाचे हित बदलले पाहिजे, एवढीच वाट चौकशी करणाऱ्यास मोकळी राहते.

ऑमनीने तीच धरली. मुंबई सरकारच्या अधिकाराने त्याने मामलेदारांना हमी दिली की, जे खरे सांगतील त्यांच्यावर खटला होणार नाही आणि खात्याकडूनही त्यांस शिक्षा अथवा नुकसान पोहोचणार नाही. या हमीवर विसंबून अनेक मामलेदारांनी आपण पैसे दिल्याचे कबूल केले. हणमंतरावावर खटला होऊन त्यास शिक्षा झाली. क्रॉफर्डला निलंबित करण्यात आले. तो वेषांतर करून पुण्याहून निसटला आणि मुंबईत पकडला गेला, हा प्रसंग त्या काळी फार गाजला. पण चौकशीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व थोडेच. पळणारा माणूस अपराधी असतोच असे नाही, तो कर्जबाजारीही असू शकतो. पुढे नेमका हाच भेद निर्णायक ठरला.

सरकारी नोकरांच्या वर्तणुकीच्या चौकशीसाठी १८५० साली सदतिसावा कायदा झाला होता. त्यान्वये कमिशन बसले. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन हे अध्यक्ष आणि मुंबई इलाख्याबाहेरचे दोन मुलकी अधिकारी सभासद होते. या कायद्याची रचना मोठी विलक्षण आहे. कलमवार आरोप ठेवावयाचे, सरकारच्या वतीने ते चालवावयाचे, आरोपीने उलटतपासणी करावयाची. म्हणजे बाह्यांग सर्व न्यायालयाचे. पण कमिशन शिक्षा देत नाही. ते आपले निष्कर्ष सरकारास कळविते आणि पुढे काय करावयाचे ते सरकार ठरविते. अशी चौकशी म्हणजे फौजदारी अर्थाने खटला नव्हे, असे स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ साली ठरविले. चौकशी करणाऱ्यास सत्य शोधावयाचे असते, शासन करावयाचे नसते, ही कल्पना त्यामागे आहे. कल्पना शुद्ध आहे. परंतु न्यायालयाचा पोशाख अंगावर चढला की न्यायालयाची पुराव्याची मोजमापेही हाती येतात.

१८७२ च्या पुरावा कायद्याने अपराधातील साथीदाराची साक्ष ग्राह्य धरली होती. पण दुसऱ्या पुराव्याचा टेकू नसेल तर अशा साक्षीवर भरवसा ठेवू नये, असे अनुमान करण्याची मुभाही न्यायाधीशास त्याच कायद्यात दिली होती. पुण्यातील मामलेदार हे तर साथीदार आणि शिवाय अभयवचन घेतलेले. बचावपक्षास याहून सोयीचे साक्षीदार कोठून मिळणार? ज्या वचनाने त्यांची तोंडे उघडली त्याच वचनाने त्यांच्या शब्दांचे मोल कमी केले. खेरीज माळेतील मधला दुवा कच्चा होता. मामलेदाराने हणमंतरावास पैसे दिले हे मान्य केले तरी ते तेथून पुढे क्रॉफर्डच्या हाती गेले, की हणमंतरावाने साहेबाचे नाव सांगून आपल्याच पदरात टाकले, हे वेगळे सिद्ध करावे लागे. दायक आणि दापक सापडले. प्रतिग्राहकापर्यंतचे शेवटचे पाऊल अंधारातच राहिले.

उरली ती नावाची बाब. क्रॉफर्डकडे पैसा येत होता यात वाद नव्हता. तो पैसा कोणत्या नावाने ओळखावयाचा यावर सारे अवलंबून होते. मराठीत एकाच हस्तांतरास लाच, नजर, भेट, देणगी, उसनवारी, हातउसने, कर्ज अशी कितीतरी नावे देता येतात, आणि नाव बदलले की देणाऱ्या-घेणाऱ्याचे नातेही बदलते. लाच हा शब्द प्राकृतातील 'लंचा' या शब्दापासून आलेला. नजर आणि कर्ज हे अरबी वंशाचे. भाषेने उसने घेतलेल्या शब्दांनी देवघेवीवर अब्रूचे पांघरूण घालावे, आणि घरच्या शब्दाकडे नुसती निंदा उरावी, अशी ही वाटणी झाली आहे. कमिशनने लाचेचे आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही. मात्र हाताखालच्या लोकांकडून आणि आपल्या अधिकारक्षेत्रातील इसमांकडून क्रॉफर्डने कर्जे काढली, हे सिद्ध धरले. मुंबई सरकारचे मत याहून कठोर होते. अखेर भारतमंत्री लॉर्ड क्रॉस याने लाचेच्या बाबतीत कमिशनचा निष्कर्ष मान्य करून कर्जाच्या कारणावरून क्रॉफर्डला नोकरीतून दूर केले. शब्दकोशातील एका नोंदीने त्यास तुरुंगातून वाचविले आणि दुसरीने त्याची जागा घालविली, असे म्हटले तरी चालेल. पुढे त्याने इंग्लंडात आठवणींची पुस्तके लिहिली.

आता मामलेदारांची पाळी आली. त्यांनी पैसे दिले असे त्यांनीच शपथेवर सांगितलेले होते. घेणाऱ्यावरील आरोप शाबीत झाला नव्हता. देणाऱ्यांचा कबुलीजबाब मात्र कागदावर कायम होता. मामलेदार हा तालुक्याचा मुलकी अधिकारी तसाच मॅजिस्ट्रेटही असे. ज्याने लाच देऊन जागा मिळविल्याचे स्वतःच्या तोंडाने सांगितले तो न्यायासनावर कसा बसू शकतो, असा गिल्ला अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी केला. आणि मग १८०९ चा तो कायदा पुढे आला. पद विकत घेणारा ते धारण करण्यास अपात्र, असे पार्लमेंटने ठरविलेले असता मुंबई सरकारास ती अपात्रता माफ करण्याचा अधिकारच नव्हता. ऑमनीने दिलेले वचन त्याच्या मालकांच्याही हातात नसलेल्या गोष्टीचे होते.

वचनाच्या बाबतीत महाराष्ट्राची जुनी परंपरा येथे आठवते. पळून गेलेल्या रयतेस परत बोलाविताना, अथवा भयाने दूर राहिलेल्या इसमास समोर आणताना, सरकारातून कौल दिला जाई. अभयपत्र लिहून दिले जाई. 'कौल' हा अरबी शब्द मुळात नुसत्या 'बोलण्या'चा वाचक. मराठीत येऊन तो बांधून घेणाऱ्या बोलण्याचा वाचक झाला, इतका की देवाच्या उत्तरासही कौलच म्हणू लागले. कौल देणारा कोण, त्याचा अधिकार किती, यापेक्षा तो सरकारचा बोल आहे एवढेच घेणारा पाहत असे. ज्या समाजाच्या मनात ही कल्पना मुरलेली होती त्यातील मामलेदारांनी गोऱ्या अधिकाऱ्याचा शब्द कलकत्ता आणि लंडन येथील मंजुरी तपासून घ्यावयास पाहिजे होता, असे म्हणणे म्हणजे विश्वासाची शिक्षा विश्वास ठेवणाऱ्यासच करणे होय.

टिळकांनी हाच मुद्दा उचलला. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांतून त्यांनी मामलेदारांची बाजू घेतली आणि १८८९ साली पुण्यात झालेल्या जाहीर सभेत ती मांडली. इंग्लंडातही विल्यम डिग्बी यांच्यामार्फत हे प्रकरण पोहोचविण्याची खटपट झाली. टिळकांची भूमिका लाच देणे क्षम्य आहे अशी नव्हती. सरकारने दिलेला शब्द पाळला नाही तर यापुढे कोणीही सरकारपुढे खरे बोलणार नाही, हा तिचा गाभा होता. या वादात एक पक्ष कोणीच नीट मांडला नाही, हेही नोंदविले पाहिजे. मामलेदाराने कमिशनरच्या माणसाला दिलेला रुपया त्याच्या पगारातूनच निघाला असेल असे मानणे भोळेपणाचे आहे. तो काही अंशी तालुक्यातील कुणबी-माळ्यांकडून येत असणार. परंतु चौकशीचा मुख्य रोख क्रॉफर्डने हाताखालच्यांकडून काय घेतले यावर होता; हाताखालच्यांनी रयतेकडून काय घेतले हा तिचा विषय नव्हता. मामलेदार पीडित ठरले ते एका पायरीवरून. खालच्या पायरीवरून पाहणाऱ्यास ते तसे दिसले असते का, याचे उत्तर फुले यांच्या लेखनात शोधावे लागते.

हिंदुस्थान सरकारने १८८९ साली मामलेदारांच्या संरक्षणासाठी खास कायदा केला. त्याने त्यांच्यावरील खटल्यांचे भय टळले, परंतु सर्वांच्या जागा टिकल्या नाहीत. ज्यांनी नाइलाजाने, जुलमामुळे पैसे दिले त्यांस ठेवावे आणि ज्यांनी आपल्या फायद्यासाठी आपखुशीने दिले त्यांस आर्थिक भरपाई देऊन दूर करावे, अशी वर्गवारी झाली. हा भेद नीतीच्या दृष्टीने बरोबर वाटतो. मराठी क्रियापद तो सहज दाखविते : एकाने पैसे 'दिले', दुसऱ्यास ते 'द्यावे लागले', तिसऱ्याकडून ते 'देवविले गेले'. इंग्रजीत अनुवादलेल्या जबानीत ही तिन्ही रूपे एकाच साध्या क्रियापदात विरून जाण्याचा धोका असतो, आणि जबानी घेणाराने मूळ वाक्य जसेच्या तसे टिपून ठेवले नसेल तर मागाहून त्यांची निवड कशाच्या आधारावर करावयाची? शिवाय जबानी देतेवेळी साक्षीदारास हा भेद आपल्या पोटावर येणार आहे हे सांगितलेलेच नव्हते. त्यास विचारले होते 'दिले काय?' एवढेच. 'का दिले?' या प्रश्नावर आपली नोकरी टांगलेली आहे हे ठाऊक असते तर त्याने आपले वाक्य निराळ्या तऱ्हेने रचले असते. आणि तसे रचले असते तर ते अधिक खरे झाले असते की कमी, हेही सांगणे कठीण.

ऑमनीस दोष देणे सोपे आहे. त्याने आवाक्याबाहेरचे वचन दिले हे खरे. पण ते वचन न देता तो एका पावलाने तरी पुढे गेला असता, असे पुरावा पाहता म्हणता येत नाही. वचन सरकारचे होते, त्याने ते केवळ उच्चारले. तथापि साक्षीदाराच्या लेखी शब्द उच्चारणाराच शब्दाचा धनी असतो. खात्यांतर्गत चौकशी करणाऱ्याच्या कामातील ही अडचण पुढच्या सुधारणांनी नाहीशी झाली नाही, तिची केवळ वाटणी झाली. मुंबई राज्यात १९५७ साली लाचलुचपत प्रतिबंधक विभाग निघाला. संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे चौकशी अधिकारी निराळा, खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी निराळा आणि शिक्षा देणारा निराळा. ज्याची चौकशी होते त्यास सरकारी मराठीत 'अपचारी' म्हणतात. आरोप शाबीत होण्यापूर्वीच अपचार झाल्याचे गृहीत धरणारा हा शब्द चौकशीच्या कागदांवर खुशाल वावरतो, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

दायकाचा प्रश्न मात्र कायद्याने दोनदा निरनिराळा सोडविला. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या चोविसाव्या कलमात, लाच दिल्याचे निवेदन करणाऱ्यावर त्या निवेदनाच्या आधारे खटला होऊ नये, अशी तरतूद होती. ऑमनीने दिलेले वचन जणू सर्वांसाठी छापून ठेवले होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकण्यात आले आणि लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्यास अपवाद ठेवला तो ज्यास लाच देणे भाग पाडले गेले त्याचा, आणि तोही त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांस अथवा तपास यंत्रणेस कळविले तरच. 'दिले' आणि 'द्यावे लागले' यांतील भेद आता कायद्याच्या मजकुरातच आला. १८८८ च्या मामलेदारांस हे सात दिवस मिळाले असते तरी त्यांनी जाऊन कळविले असते कोणास? त्यांचा कमिशनर क्रॉफर्डच होता.